तिबेटचा प्रश्न आणि लंडनची दप्तरं

तिबेटचं भवितव्य कोणी ठरवायचं, या वादातले महत्त्वाचे कितीतरी कागद लंडनमध्ये आहेत. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची दप्तरं कुणालाही मागवून वाचता येतात. तरीही आपली मंडळी या विषयावर ठरावीक दोनच सूर लावतात. एक म्हणतो, तिबेट पहिल्यापासून चीनचाच. दुसरा म्हणतो, स्वतंत्र तिबेट हे ब्रिटिशांचं कारस्थान. तिबेटी माणसाला विचारावं असं दोघांनाही वाटत नाही, आणि माझं जुनं भांडण नेमकं तिथंच आहे.

यंगहजबंडच्या तिबेटवरच्या १९०३-०४च्या ब्रिटिश स्वारीची कथा पुन्हा सांगत नाही. नंतर १९०६ साली चीनशी आणि १९०७ साली रशियाशी करार करताना लंडननं ल्हासाला विचारलं नाही, एवढं लक्षात ठेवायचं. सिमल्याला १९१३-१४ साली मात्र तिबेटचे प्रतिनिधी लोनछेन शात्रा चीनच्या प्रतिनिधीच्या बरोबरीनं बैठकीला बसले. पेकिंगनं करार नाकारला. ब्रिटन आणि तिबेट यांनी तो आपसात पुरा केला. भारत-तिबेट सीमेची मॅकमोहन रेषा त्याच वाटाघाटींतली. तिबेटला करार करण्याचा अधिकारच नव्हता, असं म्हणणाऱ्या आपल्या विद्वानांनी मग अरुणाचलचं काय करायचं, तेही एकदा सांगून टाकावं.

आता माझ्या माणसाकडे येतो. ह्यू रिचर्डसन १९३६ साली ल्हासाला गेले आणि देकी लिंगकामधल्या ब्रिटिश कचेरीचे प्रमुख झाले. १९४७ नंतर तीच कचेरी स्वतंत्र भारताची झाली, तेव्हाही १९५०पर्यंत भारताचे प्रतिनिधी म्हणून तेच राहिले. ल्हासाची दरबारी भाषा त्यांना उत्तम येत होती. मोकळ्या वेळात ते जुन्या शिलालेखांचे ठसे आणि नकला जमवत. जोखांग मंदिरासमोरच्या ८२१-२२च्या तहाच्या स्तंभाचा त्यांनी बारकाईनं अभ्यास केला. त्या दगडावर तिबेटी आणि चिनी अशा दोन्ही भाषांत तिबेटचा सम्राट व तांग सम्राट यांचा करार कोरलेला आहे. दोघांनी आपापल्या हद्दी मान्य केल्या आणि एकमेकांच्या मुलखात पाऊल न टाकण्याचं वचन दिलं. बाराशे वर्षांपूर्वीच्या दगडावरून आजचा हक्क सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण पहिल्यापासून चीनचाच, हे म्हणणं त्या दगडापुढे टिकत नाही.

रिचर्डसन यांचं म्हणणं साधं होतं. १९१३ ते १९५० या काळात ल्हासाचं सरकार स्वतःचा कारभार स्वतः चालवत होतं, आणि हे आपण डोळ्यांनी पाहिलं. त्या सरकारचं नाणं होतं, टपाल होतं, फौज होती. त्याचा पासपोर्टही होता. शाकब्पा यांचं व्यापारी शिष्टमंडळ १९४८ साली त्याच पासपोर्टवर लंडनला आलं आणि पंतप्रधान ॲटलींना भेटलं. त्या पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा आहे. रॉबर्ट फोर्ड हा इंग्रज तर तिबेट सरकारचा पगारी रेडिओ अधिकारी होता. १९५० साली पूर्व तिबेटमधलं छाम्दो पडलं तेव्हा तो चिनी सैन्याच्या हाती लागला आणि जवळजवळ पाच वर्षं तुरुंगात राहिला.

त्याच वर्षी एल साल्वादोरनं संयुक्त राष्ट्रांत विषय मांडला, आणि तिबेटची कायदेशीर स्थिती स्पष्ट नाही, असं ब्रिटनच्या प्रतिनिधीनं सांगितलं. ज्यांच्या कपाटात साऱ्या फायली, त्यांनीच हे म्हणावं! भारतानंही त्या दिवशी विषय पुढे ढकलायला हातभार लावला. १९५४ साली राज्यसभेत बाबासाहेब आंबेडकरांनी नेहरूंच्या तिबेट धोरणावर कडक टीका केली. ल्हासावरचा चीनचा ताबा मान्य करून आपणच चीनची सीमा आपल्या दाराशी आणली, हा त्यांचा मुद्दा होता. लंडनमधल्या त्यांच्या घराला भेट देणाऱ्या आपल्या मंडळींनी ते भाषणही वाचावं.

चीनची बाजू मांडणारे इंग्रजही होते. स्टुअर्ट आणि रोमा गेल्डर हे दांपत्य १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिबेटला जाऊन आलं. जुन्या व्यवस्थेतली वेठबिगारी आणि मठांची जमीनदारी त्यांनी जगापुढे ठेवली. त्यात तथ्य होतं, आणि ते नाकारणाऱ्या तिबेटप्रेमींनी तिबेटचं नुकसानच केलं. पण जमीनदारी वाईट होती म्हणून परकी फौज योग्य ठरत असेल, तर आपल्याकडच्या इंग्रजी राज्यालाही मान डोलवावी लागेल. पॅट्रिक फ्रेंच यांची गोष्ट याच्या उलट. फ्री तिबेट चळवळीत पदावर राहिलेल्या या लेखकानं धरमशाळेत जाऊन कागद तपासले आणि चिनी राजवटीतल्या बारा लाख बळींचा आकडा टिकत नाही, असं २००३ साली लिहिलं. चळवळीतले काही जण त्यांच्यावर चिडले. मला मात्र त्यांनी तिबेटची बाजू बळकट केली असंच वाटतं. लंडनमध्ये शिकलेले इतिहासकार त्सेरिंग शाक्य यांनी १९९९ साली १९४७नंतरचा इतिहास तिबेटी नजरेनं आणि तरीही निःपक्षपातीपणे लिहिला. या विषयातलं एकच पुस्तक वाचायचं असेल, तर ते वाचा.

पुढची वर्षं उताराची. २९ ऑक्टोबर २००८ रोजी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांनी लेखी निवेदन दिलं: तिबेट चीनचा भाग आहे, जुनी भूमिका कालबाह्य झाली. तिबेटची स्वायत्तता गृहीत धरून चीनची नाममात्र अधिसत्ता मानायची, ही ती जुनी भूमिका. दोनच दिवसांनी दलाई लामांचे दूत बीजिंगमध्ये खऱ्या स्वायत्ततेचा मसुदा घेऊन बसणार होते. तो मसुदा फेटाळला गेला. ब्रिटननं हातातलं एकमेव पान टाकून दिलं, आणि बदल्यात तिबेटी माणसाला काहीही मिळालं नाही. २०१२ साली ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरून दलाई लामांना सेंट पॉल्समध्ये भेटले. बीजिंगनं संबंध गोठवले, आणि पुन्हा भेटण्याचा विचार नाही, असं पुढच्याच वर्षी लंडनकडून सांगण्यात आलं.

तिबेटींमध्येही एकमत नाही. १९८८ साली स्ट्रासबुर्गला दलाई लामांनी चीनमध्ये राहून स्वायत्ततेचा मध्यम मार्ग मांडला. रांग्झेन म्हणजे संपूर्ण स्वातंत्र्य मागणाऱ्यांना तो आजही पटत नाही. दहा मार्चच्या तिबेटी उठावदिनाच्या मोर्चात दोन्ही मतांची माणसं एकाच झेंड्याखाली चालतात. यात मला दुबळेपणा दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९६१च्या ठरावात तिबेटी जनतेच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि हा वाद घालणं म्हणजे तो हक्क बजावणंच.

२०२५ साली लंडनमधल्या रॉयल मिंट कोर्टच्या जागेवरच्या नियोजित चिनी वकिलातीविरुद्ध तिबेटी, उइघुर आणि हाँगकाँगची माणसं एकत्र रस्त्यावर उतरली. तिबेटमधली सुमारे दहा लाख मुलं घरापासून दूर, चिनी माध्यमाच्या निवासी शाळांत घातली आहेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२३ साली सांगितलं होतं. भाषेसाठी एवढे लढे लढलेल्या मराठी माणसाला या बातमीचं वजन समजावून सांगावं लागू नये. तरी आमच्या इथल्या मराठी बैठकांत तिबेटचा विषय काढला की कुणीतरी व्यापाराचे आकडे काढतो. पूर्वी निदान वाद तरी व्हायचा.