मोफत आणि सवलतीचा प्रवास: गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रवासभाड्यातील सवलत मुख्यतः दोन प्रकारची असते. एका प्रकारात प्रवाशाचे भाडे दुसरे कोणीतरी, बहुधा सरकार, वाहतूक संस्थेला भरून देते. दुसऱ्या प्रकारात वाहतूक पुरवणारी संस्था किंवा पाहुण्यांना बोलावणारी कंपनी तो भार स्वतः सोसते. बीड जिल्ह्यातील बहुतेक प्रवाशांचा रोजचा संबंध पहिल्या प्रकाराशी, म्हणजे एसटीच्या सवलतींशी येतो. रेल्वेची ज्येष्ठ नागरिक सवलत दुसऱ्या प्रकारातली होती. अमेरिकेतील डिस्ने वर्ल्डची विमानतळ ते हॉटेल बससेवाही त्याच प्रकारातली होती. या दोन्ही सोयी बंद झाल्या, एसटीच्या सवलती चालू आहेत. सवलत कोणाला मिळते, कुठपर्यंत चालते आणि कधी बंद होऊ शकते, याविषयीचे बरेचसे गैरसमज तिचा खर्च कोण भरतो हे न पाहिल्यामुळे होतात.

गैरसमज १: मोफत प्रवासाला तिकीट लागत नाही.

वस्तुस्थिती: ७५ वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना एसटीत भाडे पडत नाही, पण तिकीट घ्यावेच लागते. वाहक ओळखपत्र पाहतो, तिकीट मशीनवर सवलतीचा प्रकार निवडतो आणि शून्य रुपयांचे तिकीट काढून हातात देतो. त्या तिकिटाची किंमत प्रवाशापुरती शून्य असते. एसटीच्या हिशेबात त्या फेरीचे पूर्ण भाडे सवलतमूल्य म्हणून नोंदले जाते. आगारांतून जमा होणाऱ्या या नोंदींवरून महामंडळ राज्य सरकारकडे प्रतिपूर्तीची मागणी करते. तिकीट काढलेच नाही, तर प्रवासी विनातिकीट ठरतो आणि ती फेरी एसटीच्या मागणीतही येत नाही.

गैरसमज २: साठी उलटली की एसटी मोफत.

वस्तुस्थिती: एसटीत ज्येष्ठांसाठी वयाच्या दोन पायऱ्या आहेत. ६५ ते ७५ वर्षे वयाच्या प्रवाशांना भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. ७५ पूर्ण झाल्यावर अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेखाली प्रवास मोफत होतो. ही योजना २६ ऑगस्ट २०२२ पासून लागू झाली आणि ती एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांना लागू आहे. साठी ते पासष्ट या वयात ज्येष्ठ म्हणून एसटीत सवलत नाही. हा घोळ मुख्यतः रेल्वेमुळे झाला. रेल्वेत पुरुषांना ६० व्या आणि महिलांना ५८ व्या वर्षापासून सवलत असे, आणि तोच आकडा लोकांच्या तोंडी बसला.

वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड, पॅन कार्ड, निवडणूक ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट यांसारखे सरकारी ओळखपत्र चालते. मोबाइलवरील डिजिलॉकर किंवा एमआधारमधील ओळखपत्रही ग्राह्य आहे. खेड्यांतील अनेक वृद्धांच्या आधार कार्डावर अंदाजे धरलेले जन्मवर्ष किंवा १ जानेवारी ही तारीख असते. वाहकाला कार्डावर छापलेलेच वय धरावे लागते. त्यामुळे गावात ऐंशीचे म्हणून ओळखले जाणारे आजोबा कार्डावर ७३ वर्षांचे असतील, तर त्यांना अर्धे तिकीट पडते. जन्मतारीख दुरुस्त करायची झाली तर ते काम आधार केंद्रावर, कागदपत्रांच्या आधारे होते. बसमध्ये हुज्जत घालून ते होत नाही.

गैरसमज ३: महिलांना एसटी फुकट आहे.

वस्तुस्थिती: महाराष्ट्रात महिलांना ५० टक्के सवलत आहे. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात तिची घोषणा झाली आणि १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजना या नावाने ती लागू झाली. महिलांसाठी पूर्ण मोफत प्रवास शेजारच्या राज्यांत आहे. कर्नाटकात शक्ती योजना ११ जून २०२३ पासून आणि तेलंगणात महालक्ष्मी योजना ९ डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली. दोन्ही योजना त्या त्या राज्यातील रहिवासी महिलांसाठी आणि ठरावीक प्रकारच्या गाड्यांपुरत्या आहेत. बीडहून हैदराबादला गेलेल्या महिलेला केवळ महिला म्हणून तेलंगणाच्या बसमध्ये मोफत बसता येत नाही.

दोन सवलतींची बेरीजही होत नाही. सत्तर वर्षांच्या बाईला महिला म्हणून निम्मे आणि ज्येष्ठ म्हणून उरलेले निम्मे माफ, असा हिशेब काही जण मांडतात. तिला एकदाच ५० टक्के सवलत मिळते. पंच्याहत्तरी पूर्ण झाल्यावर मात्र पुरुषांप्रमाणेच तिचाही प्रवास मोफत होतो.

गैरसमज ४: सवलत एसटीची आहे, म्हणून एसटी जाईल तिथपर्यंत चालते.

वस्तुस्थिती: पैसे महाराष्ट्र सरकार भरते, म्हणून सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच चालते. उदगीरच्या पुढे बिदरकडे जाणाऱ्या एसटीत राज्याच्या हद्दीपर्यंतच्या टप्प्यांना सवलतीचा दर आणि त्यापुढच्या टप्प्यांना पूर्ण दर लागतो. गाडी तीच आणि आसन तेच असले तरी भाड्याचा हिशेब सीमेवर बदलतो.

शहर बससेवा या योजनांत येत नाही. पुण्यात उतरून पीएमपीच्या बसमध्ये बसल्यावर तिथले नियम लागू होतात. बीड, केज, अंबाजोगाईहून रात्री पुण्या-मुंबईला सुटणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सचा तर या सवलतींशी संबंधच नाही. सणासुदीला त्यांचे दर वाढले म्हणून ज्येष्ठाला तिथे अर्धे तिकीट मागता येत नाही.

गैरसमज ५: शाळकरी मुला-मुलींचा पास सारखाच असतो.

वस्तुस्थिती: विद्यार्थ्यांच्या मासिक पासात ६६.६६ टक्के सवलत असते, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भाग पालकांना भरावा लागतो. ग्रामीण भागातील बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली घर ते शाळा प्रवासाचा पास पूर्ण मोफत मिळतो. हा पास त्या ठरावीक मार्गापुरता असतो. सुट्टीत त्याच पासावर मामाच्या गावाला जाता येत नाही. त्या प्रवासासाठी वेगळे तिकीट लागते, आणि त्यावर महिला सन्मान योजनेची सवलत मिळते. २०२४ पासून एसटीने पास थेट शाळा-महाविद्यालयांत देण्याची सोय केली. त्यामुळे पाटोदा, आष्टी, धारूरसारख्या तालुक्यांत आगाराच्या खिडकीवर रांग लावण्यासाठी शाळा बुडवण्याचे कारण उरले नाही.

गैरसमज ६: एसटी सवलतींमुळे बुडाली, म्हणून सवलती बंद होणार.

वस्तुस्थिती: फेब्रुवारी २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी सवलतींमुळे एसटीला रोज सुमारे ३ कोटी रुपयांचा तोटा होत असल्याचे म्हटले. त्यानंतर सवलती बंद होणार अशा वावड्या गावोगाव उठल्या. सवलती बंद होणार नाहीत, असा खुलासा सरकारकडून झाला. त्याआधी २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले होते. अर्धे तिकीटही त्याच प्रमाणात महागल्यामुळे सवलत कमी झाली असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात सवलतीची टक्केवारी कायम होती, मूळ भाडे वाढले होते.

एसटीचा तोटा अमृत ज्येष्ठ नागरिक आणि महिला सन्मान या दोन योजनांच्या आधीपासूनचा आहे. डिझेलचा खर्च, जुन्या झालेल्या गाड्या, टाळेबंदीतील ठप्प वाहतूक आणि ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेला कर्मचाऱ्यांचा संप यांची त्यात भर पडली. जून २०२५ मधील श्वेतपत्रिकेने महामंडळाचा संचित तोटा १०,३२२ कोटी रुपये असल्याचे सांगितले. सवलतीचे पैसे सरकारकडून वेळेवर आणि पूर्ण आले, तर ते एसटीचे उत्पन्नच असते. महिला सन्मान योजनेनंतर प्रवासी वाढले, त्यामुळे पूर्वी रिकाम्या राहणाऱ्या आसनांचेही भाडे हिशेबात येऊ लागले. प्रतिपूर्ती रखडली की मात्र एसटीला रोजचे डिझेल आणि पगार यांची तोंडमिळवणी करावी लागते.

गैरसमज ७: एकदा दिलेली सवलत काढून घेता येत नाही.

वस्तुस्थिती: रेल्वेने २० मार्च २०२० पासून ज्येष्ठ नागरिकांची सवलत थांबवली. तोपर्यंत पुरुषांना ४० टक्के आणि महिलांना ५० टक्के सूट होती. करोनाकाळात अनावश्यक प्रवास टाळावा हे त्या वेळचे कारण होते. गाड्या पूर्ववत झाल्या, पण ज्येष्ठांची सवलत परत आली नाही. दिव्यांगांचे ४, रुग्णांचे ११ आणि विद्यार्थ्यांचे ८ प्रवर्ग यांच्या सवलती मात्र चालू राहिल्या.

ज्येष्ठांच्या सवलतीची झळ रेल्वे स्वतःच्या उत्पन्नातून सोसत होती. सवलत परत द्यावी, या मागणीवर रेल्वे मंत्रालयाचे संसदेतले उत्तर ठरलेले असे: प्रत्येक प्रवाशाला सरासरी ४६ टक्के सवलत आधीच मिळते आणि २०२२-२३ मध्ये या अनुदानाची रक्कम ५६,९९३ कोटी रुपये होती. परिणामी परळी वैजनाथला एसटीतून अर्ध्या तिकिटात उतरलेल्या सत्तरीच्या गृहस्थांना पुढच्या रेल्वे प्रवासाचे पूर्ण भाडे भरावे लागते. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली, तेव्हा जिल्ह्याच्या मुख्यालयातील प्रवाशांनाही हाच फरक लागू झाला.

गैरसमज ८: डिस्ने वर्ल्डला गेले की विमानतळावरून न्यायला मोफत बस येते.

वस्तुस्थिती: ही सोय होती, आता नाही. फ्लोरिडातील ऑरलँडो विमानतळापासून डिस्ने वर्ल्ड सुमारे ३२ किलोमीटरवर आहे. तिथे डिस्नेच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांसाठी मे २००५ मध्ये डिस्नेज मॅजिकल एक्सप्रेस ही मोफत बस सुरू झाली. बस चालवण्याचे काम मिअर्स या स्थानिक वाहतूक कंपनीकडे होते. पाहुण्यांना घरी पिवळ्या चिठ्ठ्या टपालाने येत. त्या बॅगांना बांधल्या की विमानतळावर सामान घ्यायला थांबावे लागत नसे, बॅगा परस्पर हॉटेलच्या खोलीत पोचत. वेगळे भाडे नसले तरी खर्च होताच. तो कंपनी सोसत असे, आणि गाडी भाड्याने न घेतलेला पाहुणा बहुतेक वेळ व पैसा तिच्याच आवारात घालवत असे.

ही सेवा सगळ्या पर्यटकांसाठी कधीच नव्हती. बाहेरच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना ती मिळत नसे. डिस्नेच्या आवारातील, पण दुसऱ्या कंपन्या चालवत असलेली स्वान आणि डॉल्फिन ही हॉटेलेही तिच्यातून वगळलेली होती. पॅरिस किंवा टोकियोच्या डिस्ने उद्यानांना विमानतळावरून जाणाऱ्या बसला तिकीट लागते, त्यामुळे ऑरलँडोचा नियम सगळीकडे असतो हे गृहीतही चुकते.

मॅजिकल एक्सप्रेस करोनामुळे बंद पडली, हाही तितकाच पसरलेला समज आहे. जुलै २०२० मध्ये उद्याने उघडल्यावर सामान खोलीत पोचवण्याची सोय थांबली, पण बस चालू राहिली. ११ जानेवारी २०२१ रोजी कंपनीने जाहीर केले की १ जानेवारी २०२२ पासून येणाऱ्या पाहुण्यांना ही सेवा मिळणार नाही. ॲपवरून मिळणाऱ्या टॅक्सीसारखे पर्याय वाढले आहेत, असे कारण कंपनीने दिले. पुढे मिअर्सनेच त्याच मार्गावर मिअर्स कनेक्ट ही सशुल्क बस सुरू केली. सुरुवातीला तिचे एकेरी भाडे प्रौढांना १६ डॉलर होते. चार प्रौढांच्या कुटुंबाला येण्याजाण्याचे १२८ डॉलर पडू लागले.

आवारातला प्रवास मात्र मोफतच राहिला. हॉटेले आणि उद्याने यांच्यामधील बस, मोनोरेल, बोटी आणि २०१९ मध्ये सुरू झालेली स्कायलायनर ही दोरमार्ग सेवा यांना तिकीट लागत नाही. जुन्या प्रवासवर्णनांत विमानतळाची बस आणि आवारातली बस यांचा एकत्र उल्लेख येतो, त्यामुळे गल्लत होते. बीडच्या प्रवाशाला या सहलीचा खर्च मांडताना दोन्ही टोके धरावी लागतात. जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नसल्याने सुमारे १३० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ किंवा पुणे-मुंबई गाठायचा खर्च इकडे आणि ऑरलँडोची टॅक्सी किंवा बस तिकडे.

गैरसमज ९: सवलत बंद झाल्याची बातमी आली की वाहक ती लगेच नाकारू शकतो.

वस्तुस्थिती: खासगी कंपनीची सोय कंपनीच्या घोषणेने संपते. तिकीट-हॉटेल आधीच घेतलेल्या पाहुण्याचे काय, हे आरक्षणाच्या अटींवरून ठरते. एसटीची सवलत राज्य सरकारच्या निर्णयाने लागू होते आणि तिच्यातला बदलही त्याच मार्गाने होतो. निर्णय निघाल्यावर महामंडळ परिपत्रक काढते, ते विभाग आणि आगारांकडे जाते आणि त्यानुसार तिकीट मशीनमधील सवलतीचे प्रकार बदलतात. तोपर्यंत मंत्र्याचे वक्तव्य किंवा व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर यांनी तिकिटाचा दर बदलत नाही. शंका असल्यास बसस्थानकावरील चौकशी खिडकीवर किंवा आगारप्रमुखांकडे परिपत्रकाविषयी विचारता येते.