ऑस्ट्रेलिया नऊ दिवसांत मावत नाही

"मुलगी मेलबर्नला शिकते, डिसेंबरात तिचं पदवीदान आहे, त्या निमित्ताने अख्खा ऑस्ट्रेलियाच बघून येऊ." मीरा रोड-भाईंदरच्या सोसायट्यांमध्ये हा बेत आता वरचेवर ऐकू येतो. हौस रास्त आहे. उमेदीची सगळी वर्षं विरार लोकलच्या दारात उभं राहून काढलेल्या माणसाने निवृत्तीनंतर दूरचा देश बघावा, यात आनंदच आहे. पण त्या आनंदासाठी आयुष्यभराची पुंजी मोडली जाते, आणि बेत मात्र ऐकीव माहितीवर आखला जातो. त्यातली काही माहिती साफ चुकीची असते. अख्खा ऑस्ट्रेलिया एका खेपेत बघता येतो, ही त्यातली सर्वांत महागात पडणारी समजूत.

या समजुतीचं मूळ शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात आहे. आपण लहानपणापासून पाहतो तो जगाचा नकाशा बहुतेक वेळा मर्केटर पद्धतीचा असतो. त्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात आणि विषुववृत्ताच्या बाजूचे त्या मानाने आक्रसलेले दिसतात. म्हणून ग्रीनलँड ऑस्ट्रेलियापेक्षा मोठं वाटतं. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलिया ग्रीनलँडच्या साडेतीन पट आहे. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या सव्वादोन पटींहून जास्त. आणि माणसं पावणेतीन कोटींच्या आसपास, महाराष्ट्राच्या चौथाईपेक्षाही कमी. भाईंदर ते चर्चगेट या ४३ किलोमीटरमध्ये आपल्याकडे वस्ती कुठे तुटतच नाही. तिथे सिडनी-पर्थ रेल्वेमार्गावर, नलारबोरच्या माळरानात, ४७८ किलोमीटरचा एक सलग पट्टा असा आहे की रुळाला एकही वळण नाही.

सिडनी ते मेलबर्न रस्त्याने जवळपास ८८० किलोमीटर. आपलं मुंबई-नागपूर धरा. सिडनीहून केर्न्सला विमानाने तीन तास लागतात आणि पर्थला पाच. एवढ्या वेळात मुंबईहून निघालेला माणूस सिंगापूरच्या जवळ पोचलेला असतो. आता पॅकेजचं पत्रक समोर ठेवा: नऊ दिवस, मेलबर्न, सिडनी, गोल्ड कोस्ट, केर्न्स. जाण्यायेण्यात दोन दिवस गेले. आतली विमानं तीन. प्रत्येक वेळी सामान बांधायचं, हॉटेल सोडायचं, विमानतळावर थांबायचं, उतरून पुन्हा हॉटेलची खोली मिळेपर्यंत ताटकळायचं. दर उड्डाणामागे अर्धा-पाऊण दिवस जातो. हातात उरतात ते पाच-साडेपाच दिवस, आणि तेही चार शहरांत वाटलेले. पैसे मात्र नऊ दिवसांचे मोजलेले असतात.

'मेलबर्नजवळचे' ट्वेल्व्ह अपॉसल्स हे याचं नेहमीचं उदाहरण. समुद्रात उभे असलेले हे चुनखडीचे सुळके मेलबर्नहून ग्रेट ओशन रोडने गेलं तर पावणेतीनशे किलोमीटरवर आहेत. हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी बांधला. तो डोंगराच्या कडेने, किनाऱ्याला लगटून वळणं घेत जातो. एका दिवसाच्या सहलीची बस सकाळी निघते आणि रात्री परतते. बारा तासांतले बहुतेक तास बसमध्ये जातात आणि सुळक्यांपाशी जेमतेम तासभर मिळतो. सुळके बाराही नाहीत, कधी नव्हतेच. २००५मध्ये एक डोळ्यांदेखत कोसळला, तेव्हापासून आठ उरलेत. ज्यांना वळणांवर मळमळतं किंवा गुडघे दुखतात, त्यांनी वाटेत लॉर्न किंवा अपोलो बे अशा गावी एक मुक्काम करावा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते दगड ज्या रंगाचे होतात, ते दुपारच्या बसवाल्यांना दिसतच नाही.

तीच गोष्ट ग्रेट बॅरियर रीफची. 'गोल्ड कोस्टला गेलो की रीफ होऊन जाईल' असं मानणारे बरेच भेटतात. प्रवाळांची ही रांग सुमारे २,३०० किलोमीटर लांब आहे, महाराष्ट्राच्या सगळ्या किनाऱ्याच्या अडीच-तीन पट, पण ती गोल्ड कोस्टपर्यंत येत नाही. ती बघायला केर्न्स, पोर्ट डग्लस किंवा एअर्ली बीच गाठावं लागतं, आणि केर्न्स ब्रिस्बेनपासून रस्त्याने १,७०० किलोमीटर आहे. तिथूनही बोटीने आत जायला दीड-दोन तास लागतात. म्हणून माझा सल्ला एकच असतो. देश निवडू नका, त्यातला एखादा कोपरा निवडा. बारा दिवस असतील तर दोन शहरं आणि एक निसर्गाचं ठिकाण एवढंच धरा.

ऋतू तिथे उलटे, हे सगळ्यांना पाठ असतं, पण बॅग भरताना ते डोक्यात राहत नाही. आपल्या मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत मेलबर्नला शरद ऋतू संपत आलेला असतो. दिवसा सतरा अंश, पहाटे नऊ. जून ते सप्टेंबर त्याच व्हिक्टोरिया राज्यातल्या डोंगरांवर बर्फ असतं. 'ऑस्ट्रेलिया गरम देश' म्हणून नुसते सुती कपडे नेणारे तिथे पहिल्या दिवशी स्वेटर विकत घेतात, आणि ते स्वस्त नसतात. त्याच मे महिन्यात उत्तरेला केर्न्समध्ये पावसाळा सरून हवा सुरेख झालेली असते. देश एवढा मोठा की एकाच आठवड्यात दोन हवामानांची तयारी लागते. डिसेंबरात पदवीदानाला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की तेव्हा तिथल्या शाळांना उन्हाळी सुट्टी पडते, हॉटेलं महाग होतात, आणि केर्न्सच्या बाजूला पाऊस-वादळांचे दिवस सुरू होतात.

घड्याळाचाही घोळ आहे. सिडनी-मेलबर्नमध्ये उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, क्वीन्सलंडमध्ये करत नाहीत. गोल्ड कोस्टचा विमानतळ सिडनीचं राज्य आणि क्वीन्सलंड यांच्या सीमेवरच आहे आणि चालतो क्वीन्सलंडच्या वेळेवर. सीमेपलीकडे ट्वीड हेड्सला उतरलेल्यांनी डिसेंबरात विमानाची वेळ बघताना हे ध्यानात ठेवावं.

व्हिसाबद्दल तर अफवाच जास्त. 'ओळखीचा एजंट असला की व्हिसा नक्की' हे खरं नाही. पर्यटकांचा अर्ज, ज्याला सबक्लास ६०० म्हणतात, ऑनलाइन भरायचा असतो. बोटांचे ठसे आणि फोटो मुंबईतल्या केंद्रात देता येतात. निर्णय ऑस्ट्रेलियाचं गृहखातं घेतं. कोणी 'गॅरंटी' देत असेल तर तिथून उठावं. व्हिसाआधी विमानाचं तिकीट काढलंच पाहिजे, हाही गैरसमज. व्हिसा हाती येईपर्यंत पैसे गुंतवू नका, असंच ते खातं सांगतं. आणखी एक: पासपोर्टवर स्टिकर चिकटवून मिळत नाही. ईमेलने पत्र येतं आणि व्हिसा तुमच्या पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेला असतो. त्यामुळे मध्येच पासपोर्ट नवा केला तर नवा क्रमांक त्यांना कळवावाच लागतो. नाहीतर विमानतळावरच्या काउंटरवर व्हिसा दिसत नाही आणि ऐन वेळी धावपळ होते.

आपल्या भागात पासपोर्टचा हा प्रश्न विशेष येतो. गिरगाव, परळ, दादर सोडून मीरा रोडला आलेल्या कुटुंबांच्या पासपोर्टवर अजून जुना पत्ता असतो. जुन्या पत्त्याचा पासपोर्ट मुदतीत असेल तर प्रवासाला चालतो, घाबरायचं कारण नाही. पण मुदत संपत आली असेल तर नवा पासपोर्ट आधी करा आणि व्हिसाचा अर्ज नंतर. पोलीस पडताळणी आता ठाणे ग्रामीणकडे नसते. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार हे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे आणि पडताळणी त्याच्याच हद्दीतल्या ठाण्याकडून होते.

पॅकेजच्या बिलात टीसीएसचा, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केलेल्या कराचा, आकडा दिसला की पुष्कळ जण 'हा एक जास्तीचा कर गेला' म्हणून हळहळतात. तो तुमच्या पॅनवर जमा झालेला असतो. रिटर्न भरताना तो देय करातून वळता होतो, कर लागत नसेल तर परत मिळतो. निवृत्त मंडळी रिटर्न भरत नाहीत आणि ही रक्कम सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता खाऊ. लेक परदेशात एकटी राहते म्हटल्यावर आई काय काय बांधते! बेसनाचे लाडू, चकली, भाजणी, मेतकूट, पेढे, पिशवीभर कढीपत्ता, आणि पदवीदानानंतर ओवाळायला नारळ. 'डबा घरचा आहे, कोण विचारतो' या भरवशावर हे सगळं जातं. तिथे विचारतात, आणि कसून विचारतात. कारण साधं आहे. आपल्या गुराढोरांत लाळ-खुरकूत हा रोग आहे, ऑस्ट्रेलियात नाही. दुधाच्या पदार्थातून तो शिरला तर त्यांचा पशुपालनाचा धंदा धोक्यात येतो. म्हणून पेढे, बर्फी, रसमलाई, गुलाबजाम अशा दुधाच्या मिठाया भारतातून नेता येत नाहीत. ताजी पानं, फळं, पेरण्याजोग्या बिया यांच्यावरही कडक बंधन आहे. लाकडी वस्तू जाहीर कराव्या लागतात, आणि सह्याद्रीतल्या ट्रेकची माती तळव्याला चिकटलेले बूटही.

खरा गैरसमज मात्र पुढचा आहे: जाहीर केलं तर पकडले जाऊ. घडतं नेमकं उलट. उतरण्याआधी माहिती भरताना 'खाद्यपदार्थ आहेत' याला हो म्हटलं, तर अधिकारी डबा उघडून बघतो. चालण्यासारखं असेल ते परत देतो, नसेल ते काढून घेतो. दंड होत नाही. 'नाही' म्हणून डबा सापडला, तर दंड हजारो डॉलरपर्यंत जाऊ शकतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. शंका आली की हो म्हणा. प्रत्येक डब्यावर इंग्रजीत पदार्थाचं नाव आणि घटक लिहून चिकटवले तर तपासणी लवकर उरकते. औषधांचंही तसंच: जास्तीत जास्त तीन महिन्यांची, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. आणि देशातल्या देशात पर्थ, अॅडलेड किंवा टास्मानियाला जाताना हातातलं सफरचंद विमानतळावरच्या पेटीत टाकावं लागतं. फळमाशी पसरू नये म्हणून राज्याराज्यांतही असे नियम आहेत.

शाकाहारी, जैन मंडळींचे हाल होतात, ही भीती मोठ्या शहरांत तरी उरलेली नाही. सिडनीच्या हॅरिस पार्कमध्ये डोशापासून पाणीपुरीपर्यंत सगळं मिळतं. शहर सोडल्यावर मात्र पर्याय पटकन आटतात, तिथे स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी.

कोळी, साप, मगरी यांच्या गोष्टी ऐकून लोक बिचकतात. फनेल-वेब हा जहाल विषारी कोळी खरा. पण १९८१मध्ये त्याच्यावर उतारा आला आणि तेव्हापासून त्याच्या दंशाने मृत्यू झालेला नाही. उत्तरेकडच्या नद्या-खाड्यांवर मगरीची पाटी दिसली तर ती अक्षरशः पाळायची. खरा धोका ज्याला कोणी घाबरत नाही त्यात आहे: पुळणीवरच्या पाण्यात. उत्तनचा समुद्र बघत वाढलेल्या माणसाला वाटतं, की लाटा जिथे फुटत नाहीत ती जागा शांत, तिथेच उतरावं. तिथल्या किनाऱ्यांवर लाटांमधली ती शांत, गडद पाण्याची पट्टी बहुधा आत खेचणारा प्रवाह असतो. इंग्रजीत त्याला रिप म्हणतात. चांगले पोहणारेही त्यात सापडतात, कारण ते किनाऱ्याकडे सरळ पोहत दमतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा जीवरक्षकांनी नजरेखाली ठेवलेली असते. पाण्यात उतरायचं ते तिथेच, आणि झेंडे नसतील तर पाय ओले करण्यापलीकडे जायचं नाही. ओढले गेलात तर प्रवाहाशी झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करा. उत्तरेला नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिशचा हंगाम असतो, तेव्हा बोटीवर अंगभर पोशाख देतात, तो घालायचाच.

तिथे सरकारी दवाखान्यात फुकट उपचार होतात, हे ऐकलेलं असतं. ते त्यांच्या रहिवाशांसाठी आणि करार असलेल्या काही देशांच्या नागरिकांसाठी. भारताशी असा करार नाही. साठी ओलांडलेल्यांनी आधीच्या आजारांचा स्पष्ट उल्लेख असलेला प्रवास विमा घ्यावा. रक्तदाब, मधुमेह लपवून घेतलेला विमा गरजेच्या वेळी नाकारला जातो.

राहता राहिला उलुरू, मधल्या वाळवंटातला तो ३४८ मीटर उंचीचा तांबडा खडक. जुन्या फोटोंत माणसं साखळीला धरून वर चढताना दिसतात, म्हणून पुष्कळ जण चढायच्या तयारीने बूट घेतात. अनांगू या तिथल्या मूळ रहिवाशांसाठी ती पवित्र जागा आहे. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी तिची मालकी त्यांना परत मिळाली आणि बरोबर चौतीस वर्षांनी, २६ ऑक्टोबर २०१९ला, चढणं कायमचं बंद झालं. अॅलिस स्प्रिंग्जहून 'जरा जाऊन येऊ' असंही जमत नाही. अंतर साडेचारशे किलोमीटर. जवळचा विमानतळ युलारा गावापाशी आहे. खडकाभोवतीची वाट दहा किलोमीटरची, सपाट, आणि सावकाश चालत साडेतीन-चार तासांची. उन्हाळ्यात ती उजाडता उजाडता सुरू करून अकराच्या आत संपवावी लागते, म्हणून युलाराला दोन रात्री धराव्या लागतात. त्या कुठून आणायच्या, तर नऊ दिवसांच्या पत्रकातलं एक शहर खोडून.