दौलत कोणत्या गजाने मोजायची?

सानगडीच्या बाजारात दुपारी गिऱ्हाईक कमी असले की आमच्या कापड दुकानात चर्चा रंगतात. परवा विषय निघाला, अमेरिकेचा रॉकफेलर मोठा की आपले अझीम प्रेमजी? एकाने डॉलरचे आकडे सांगून निकालच लावला. मी म्हटले, भाईजान, जुना वार आणि आजचा मीटर एकच धरून कापड फाडले तर दुकान बसेल.

दानाचाच आकडा घेऊ, तो चारचौघांत जाहीर असतो. तेलाच्या धंद्यात गब्बर झालेल्या रॉकफेलरने (1839-1937) हयातीत सुमारे 54 कोटी डॉलर दान केले. इकडे मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी 1945 मध्ये खानदेशात अमळनेरला वनस्पती तेलाची कंपनी काढली, तीच पुढे विप्रो झाली. 1966 मध्ये त्यांचा इंतकाल झाला तेव्हा मुलगा अझीम 21 वर्षांचा होता. मार्च 2019 मध्ये अझीम प्रेमजींनी आपल्या फाउंडेशनला तोवर दिलेल्या संपत्तीची एकूण किंमत 1,45,000 कोटी रुपये, म्हणजे सुमारे 2,100 कोटी डॉलर जाहीर झाली. डॉलर मोजले तर प्रेमजी जवळपास 39 पट पुढे.

आता सोन्यात मोजा. अमेरिकेत 1933 पर्यंत सोन्याचा सरकारी भाव औंसाला 20.67 डॉलर होता. त्या भावाने रॉकफेलरचे दान 812 टन सोने भरते. मार्च 2019 मध्ये औंस 1,300 डॉलरच्या आसपास होता, म्हणून प्रेमजींचे सुमारे 500 टन. निकाल उलटला!

आम्हा कापूस-कापडवाल्यांचा माणूस म्हणजे मुंबईचे प्रेमचंद रायचंद. अमेरिकेतल्या यादवीमुळे (1861-65) तिकडचा कापूस विलायतेला जाईना, इकडे भाव आभाळाला भिडले. त्या तेजीत त्यांनी मुंबई विद्यापीठाला 4 लाख रुपये दिले. लढाई थांबली, 1865 मध्ये शेअरबाजार कोसळला आणि त्यांची कागदावरची दौलत उडाली. दान केलेल्या पैशातला राजाबाई टॉवर मात्र उभा आहे. तेव्हाचा रुपया एक तोळ्याचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा. म्हणजे ते दान सुमारे 4,275 किलो शुद्ध चांदीचे. आजचा भाव सराफाला विचारा आणि गुणून पाहा.

हा वाद नुसता गप्पांचा नाही. जकातीचा निसाब साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी. नबी-ए-करीम (स.) यांच्या जमान्यात 20 दीनार आणि 200 दिरहम साधारण एकाच किमतीचे होते. मार्च 2019 च्या भावाने सोन्याचा निसाब पावणेतीन लाखांच्या आसपास, चांदीचा जेमतेम 23-24 हजार. सुमारे 12 पट फरक! कर्ज वजा जाता 50 हजार शिल्लक असलेला विणकर सोन्याच्या गजाने जकात घेणारा, चांदीच्या गजाने देणारा. रोकड आणि तिजारती मालाला आपल्याकडचे बहुतेक उलेमा चांदीचा निसाब लावायला सांगतात, कारण त्यात गरिबांचा फायदा आहे. मीही दुकानातले ठाण त्याच हिशोबाने मोजतो.

डॉलरवाले भाई उठता उठता म्हणाले, "माझ्याकडे दोन तोळे सोने आणि थोडी रोकड आहे. मी कुठल्या बाजूला?" म्हटले, दोन्ही मिळून किंमत चांदीच्या निसाबावर जाते, वर्ष पुरे झाले की तुम्ही देणाऱ्यांत. मग हळूच विचारतात, "आणि सोने बायकोचे असेल तर?" तर ते तुमच्या हिशोबात धरायचे नाही, तिचा हिशोब वेगळा.