गस्त गेली, अंधार तसाच

गेल्या वर्षी आमच्या घरामागच्या बोळात दोनदा मंगळसूत्र खेचलं गेलं. दोन्ही वेळा गस्त सुरू झाली, आठवडाभराने थांबली. बोळात दिवा नाही आणि शेजारचा वाडा पडका आहे, हे मात्र कोणी टिपून घेतलं नाही.

हर्मन गोल्डस्टीन या अमेरिकी प्राध्यापकांनी १९७९ साली नेमकं यावरच बोट ठेवलं. त्यांच्या लेखाच्या आरंभी इंग्लंडमधल्या बसचा एक किस्सा आहे. थांब्यावर ही रांग, आणि चालक हसत, हात हलवत बस पुढे नेणार! तक्रारीला उत्तर काय, तर थांबून प्रवासी घेतले तर वेळापत्रक कसं पाळायचं? पोलिसांचंही असंच होतं, हे गोल्डस्टीन यांचं म्हणणं. गस्ती, अटका यांचा हिशेब चोख; लोकांचा मूळ त्रास मिटला का, हे बघायचं राहून जातं.

हा त्रास शहरभर सारखा पसरलेलाही नसतो. मिनीआपोलिसमध्ये पोलिसांना आलेल्या फोनचे पत्ते तपासले, तर शंभरातल्या जेमतेम तीन-साडेतीन ठिकाणांहून निम्मे फोन आलेले. हा अभ्यास १९८९ चा.

मग अशा जागांचं करायचं काय? मॅसॅच्युसेट्समधलं लॉवेल हे जुन्या कापडगिरण्यांचं शहर. तिथे अँथनी ब्रागा आणि ब्रेंडा बाँड यांनी अशा ३४ जागांच्या १७ जोड्या लावल्या आणि चिठ्ठी टाकावी तशी प्रत्येक जोडीतली एक जागा प्रयोगाला घेतली. तिथे पडीक जागा साफ झाल्या, दिवे लागले, ओसाड इमारती पाडल्या, गडबडीचे गुत्ते तपासले, अटकाही झाल्या. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उरलेल्या जागांच्या मानाने इथून येणारे फोन सुमारे एक पंचमांशाने घटले. गुन्हे शेजारच्या गल्लीत सरकले का, तेही पाहिलं. तसं ठळक काही आढळलं नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. सर्वांत मोठा फरक जागा सुधारल्याने पडला, अटकांचा वाटा त्याहून बराच कमी.

वस्तीवर ‘गुन्हेगारांचा अड्डा’ असा शिक्का बसला की तिथली पोरं विनाकारण हटकली जातात, चौकीत बसवली जातात. दिवा लावल्याने कोणाच्या पोराची नोकरी जात नाही. अडचण एवढीच, की दिवा महापालिकेचा, वाडा मालकाचा आणि गुत्त्याचा परवाना तिसऱ्याच खात्याचा. ही सगळी दारं पोलिसांनी ठोठवायची, तर कुठलं आधी, हे रहिवाशांनी सांगायला हवं.

मी आमच्या बोळाचा नकाशा काढून चौकीत नेला. हवालदार म्हणाले, ‘‘दिव्याचं आमच्याकडे कशाला आणलंत, काका?’’ नकाशा मात्र त्यांनी ठेवून घेतला.