पद्मिनीचे पिस्टन

आमच्या दारातली प्रीमियर पद्मिनी बाबांनी १९८४ साली घेतली. तिच्यातून मी शाळेत गेलो, ताईची वरातही तिच्यातूनच निघाली. गेल्या वर्षी गोव्याहून परतताना चोर्ला घाटात इंजिन खालून ठकठक करू लागलं. आदल्याच पावसाळ्यात एका गॅरेजात ते बांधून घेतलं होतं!

उद्यमबागेतल्या एका जुन्या मिस्त्रीमामांनी ते खोललं. चारही कनेक्टिंग रॉड कापडावर मांडून म्हणाले, "दादा, नंबर वाचा." एका रॉडवर २, त्याच्या कॅपवर ३. शेजारच्यावर नेमकं उलटं. रॉड आणि कॅप बोल्टने आवळून मगच त्यांचं भोक गोल कापतात. जोडी मोडली की ते गोल राहत नाही. आमचं बेअरिंग त्यामुळेच खाल्लं गेलं होतं, क्रँकवर चरे पडले होते.

भंगारातून दुसरे रॉड आणू का, असं मी विचारलं. "ते कुणी कसे पळवलेत, काय ठाऊक?" मामा म्हणाले. आमच्याच रॉडांचा वाक नि पीळ त्यांनी तपासला, कॅपची तोंडं किंचित घासून भोकं पुन्हा गोल करून घेतली. क्रँक ग्राइंड झाला. बोल्ट मात्र नवे. बोल्ट तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. तिथे काटकसर करू नये.

पिस्टनच्या बाबतीत मोह भाच्याने घातला. शर्यतीच्या गाड्यांसारखे फोर्ज्ड पिस्टन घाला म्हणे! ते मजबूत खरे, पण साधारणपणे तापल्यावर जास्त फुगतात. म्हणून सिलिंडरमध्ये जागा जास्त सोडावी लागते आणि गार इंजिन खडखडतं. १०८९ सीसीच्या, सकाळी भाजी आणायला निघणाऱ्या गाडीला ओतीव पिस्टनच बरे.

मागच्या वेळी झिजलेल्या सिलिंडरांत नुसत्या रिंगा बदलल्या होत्या. आता बोअरिंग अटळ होतं. मूळ बोअर ६८ मिमी. झीज निघेल असं सगळ्यांत लहान माप घ्यायचं, म्हणजे पुढच्या खेपेला धातू उरतो. आम्ही ०.४ मिमी मोठा संच घेतला. आधी पिस्टन हातात, मग बोअरिंग, हा मामांचा हट्ट. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याच्या मापाने त्याचा सिलिंडर कापला.

वजन करायला आम्ही चक्क ओळखीच्या सोनाराकडे गेलो. एक पिस्टन पाच ग्रॅम जड निघाला. मामांनी तो आतून थोडा थोडा घासून बाकीच्यांच्या बरोबरीला आणला. सोनार म्हणाला, "एवढा कीस तर आम्ही अंगठीलासुद्धा काढत नाही!"

पहिले पाचशे किलोमीटर सबुरीने चालवायची, असं मामांनी बजावलंय. बाबा रोज संध्याकाळी किलोमीटरचा आकडा वहीत लिहितात. काल ३१२ झाले. चोर्ल्याला कधी जायचं, हे त्यांनी आजच दोनदा विचारलं.