पोकरच्या टेबलावर कोणी काय बोलावं

टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पानं असतात आणि मध्ये सगळ्यांसाठी पाच पानं टप्प्याटप्प्याने उघडतात. हातातली पानं झाकलेली, म्हणून बोलून चकवणं खेळात मुरलेलं आहे. दोघंच उरलेले असताना, हातात काही नसलं तरी 'एक्क्यांची जोडी आहे' असं ठोकून द्यायला बऱ्याच ठिकाणी मुभा असते. उलट फोल्ड करून बाजूला झालेला खेळाडू एक खरं वाक्य बोलला तरी तो दोषी ठरतो. नवख्याला हे विचित्र वाटतं, म्हणून एक डावच मांडून पाहू.

समजा, मधली तीन पानं उघडली. त्यांत दोन बदाम, तुमच्या हातातही दोन बदाम. आणखी एक आला की फ्लश. तुम्ही न पाहिलेली पानं 47, त्यांत बदाम 9, म्हणजे पुढच्याच पानावर तो येण्याची शक्यता साधारण 19 टक्के. एवढ्यात फोल्ड केलेला शेजारी हळहळतो, 'अरेरे, माझे दोन्ही बदाम होते!' आता 45 पानांत 7 बदाम उरले, शक्यता साडेपंधरा टक्क्यांवर आली. कॉल करायचा की पानं टाकायची, हे त्या एका हळहळीने फिरू शकतं. पैसे लागलेत तुमचे आणि समोरच्याचे, आणि निकालात हात घातला तिसऱ्याने. त्याने नुसतं कपाळावर हात मारून घेतला असता, तरी थोडंफार कळलंच असतं.

म्हणूनच मूळ नियम आहे, एका हाताला एकच खेळाडू. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन ही संघटना 2001 साली स्थापन झाली. तिच्या नियमांनुसार चालू किंवा टाकलेल्या पानांची चर्चा करायची नाही, सल्ला द्यायचा नाही, दुसऱ्याच्या खेळावर टीकाही करायची नाही. हरलेल्या नवख्याला तिथल्या तिथे धडे देणारे मला मुळीच आवडत नाहीत. तो बिचारा पुढचे डाव दबून खेळतो.

दोघांच्या सामन्यात बोलणं किती चालतं, हे जेमी गोल्डने दाखवलं. 2006 मध्ये 8,773 खेळाडूंमधून त्याने वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली, ती अखंड बडबड करत. कधी तो आपली पानं चक्क खरी सांगायचा आणि समोरचा गोंधळायचा.

तीन जण उरले की मात्र प्रकरण नाजूक होतं. एकाच्या सगळ्या चिप्स आत गेल्या आहेत आणि उरलेले दोघं आपापल्या विचाराने शेवटपर्यंत चेक करत, म्हणजे नवे पैसे न लावता, राहिले, तर हरकत नाही. पण एकाने 'आपण चेकच करत जाऊ' असं मोठ्याने म्हटलं, तर ती संगनमताची उघड ऑफर झाली आणि त्याला दंड होतो.

गप्प बसणं चूक ठरेल अशी एक वेळ असते. पानं उघडी टाकली गेली आणि डीलरने चुकीच्या खेळाडूकडे पॉट सरकवला, तर टेबलावरच्या कोणीही, फोल्ड केलेल्यानेसुद्धा, लगेच बोलावं. पानं अजून उघडी टाकलेली नसतील, तर मात्र ती वाचून सांगायची नाहीत. आपला हात जिंकतो आहे हे ज्याचं त्यानेच ओळखायचं.