चौघांत एक सूर

व्हायोलिनच्या चार तारा पंचमाच्या अंतरानं लावलेल्या असतात. व्हिओलाच्याही तशाच, चेलोच्याही तशाच. स्ट्रिंग क्वार्टेट वाजवायला बसलेले चार विद्यार्थी, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो, आधी ए तार जुळवतात आणि तिथून एकेक शुद्ध पंचम लावत खाली-वर जातात. प्रत्येक पंचम स्वच्छ, निर्मळ. मग चेलोची सर्वांत जाड सी तार आणि व्हायोलिनची सर्वांत बारीक ई तार एकदम वाजवून पाहावी. दोन्ही तारांवर गज फिरतो आणि सूर थरथरायला लागतो. सरळसरळ बेसूर.

यात चूक कुणाची? कुणाचीच नाही. सी हा षड्ज धरला तर ई हा त्याचा गंधार. तंबोऱ्याचा खर्ज नीट लागला की त्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. त्याची कंपनं खर्जाच्या पाचपट असतात, आणखी एक सप्तक वर गेलं की दहापट. आता ए तार 440 कंपनांची धरून शुद्ध पंचमांनी आणि शेवटी एक सप्तक उतरत गेलं, तर चेलोची सी तार सेकंदाला 65.2 कंपनांवर येते. तिचा वरचा गंधार 652च्या आसपास हवा. पण पंचमानं चढलेली ई तार उभी असते 660वर. आठ कंपनांचा फरक, म्हणून सेकंदाला आठ हेलकावे. हे अंतर 81/80 या गुणोत्तराचं. आपल्याकडचे श्रुतींचे अनेक अभ्यासक याच अंतराला प्रमाणश्रुती म्हणतात. मी हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा दोनदा पडताळून पाहिला. प्रत्येक तार आपल्या जागी बरोबर आणि सगळ्या मिळून चूक, यावर विश्वासच बसेना.

पियानोनं आणि आपल्या पेटीनं हा तंटा सूर थोडे थोडे सरकवून एकदाचा मिटवून टाकला आहे. क्वार्टेटमधल्या वाद्यांना पट्ट्या नाहीत आणि पडदेही नाहीत. तिथे सूर आधी ठरलेला नसतो. चौघांनी तो दर वेळी नव्यानं ठरवायचा असतो. चेंबर म्युझिक शिकणं म्हणजे मुळात हेच शिकणं, असं मला वाटतं.

विद्यार्थी आधी पंचम केसभर आखूड लावायला शिकतात. चेलोची आणि व्हिओलाची सी तार त्यामुळे जराशी चढी राहते. खरं काम त्यानंतरचं. एखाद्या रचनेतला एकच स्वरसमूह घ्यायचा, व्हायब्रेटो, म्हणजे बोट हलवून सुराला दिलेला कंप, बंद ठेवायचा आणि गज अगदी सावकाश ओढायचा. चेलोनं षड्ज धरायचा. त्यावर पंचम. तो स्थिरावला की ज्याच्याकडे गंधार आहे त्यानं अलगद आत यायचं. हेलकावे मंदावत मंदावत थांबतात आणि त्या क्षणी चार वाद्यांचा आवाज एकदम मोठा, भरीव वाटतो, जणू खोलीत पाचवं वाद्य आलं आहे. व्हायोलिनच्या डी तारेवरचा ई घ्या. तो मोकळ्या ए तारेशी जुळवायचा असेल तर बोट एका जागी. चेलोच्या सी तारेचा गंधार म्हणून हवा असेल तर तेच बोट साडेतीन मिलिमीटर मागे. कागदावर मात्र दोन्हीकडे एकच टिंब छापलेलं.

तो कागदही नीट पाहण्यासारखा आहे. प्रत्येक विद्यार्थ्यासमोर फक्त त्याची स्वतःची ओळ असते. बाकी तिघं काय वाजवताहेत ते त्याच्या पानावर नसतंच. ते कानानं मिळवायचं. म्हणून चांगल्या तालमीत वादनाइतकाच वेळ ऐकण्यात जातो. कधी फक्त दुसरं व्हायोलिन आणि व्हिओला वाजवतात, उरलेले दोघं गप्प. कधी स्वतःची ओळ वाजवताना शेजाऱ्याची ओळ गुणगुणायची. कधी चौघांनी एकमेकांकडे पाठ करून बसायचं आणि संपूर्ण भाग वाजवायचा.

पाठ केली की एक गोष्ट लख्ख ऐकू येते: श्वास. इथे कंडक्टर नाही, तबल्याचा ठेका नाही, सम दाखवणारा कुणी नाही. सुरुवात करणारा वादक नाकानं श्वास घेतो आणि त्या श्वासाच्या लांबीत पुढची लय असते. छोटा, तीक्ष्ण श्वास म्हणजे द्रुत. लांब, खोल श्वास म्हणजे विलंबित. नवे विद्यार्थी मान जोरात हलवून इशारा देतात आणि तरीही फिसकटतं, कारण मान लयीत हललेली नसते. श्वास लयीत घेतला की चारही गज एकदम पडतात.

अगदी एकदम मात्र कधीच पडत नाहीत. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाचे ॲलन विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन व्यावसायिक क्वार्टेटकडून हायडनचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून घेतला आणि कोण कुणाला किती सावरून घेतं ते मोजलं. हे संशोधन 2014 साली प्रसिद्ध झालं. एका क्वार्टेटमध्ये पहिलं व्हायोलिन फारसं सरकत नव्हतं, बाकी तिघं त्याच्याकडे सरकत होते. दुसऱ्यात चौघंही एकमेकांना जवळपास सारखंच सावरत होते. वाजवण्याची रीत दोन्ही गटांत निराळी, पण सावरणं दोन्हीकडे अखंड चाललेलं, सुरामागून सुरात, विचार करायलाही वेळ नसताना.

या सगळ्याची खरी परीक्षा मंचावर होते. बेथोवननं 1826 साली पूर्ण केलेलं ओपस 131 हे क्वार्टेट सात भागांचं आहे आणि सातही भाग न थांबता वाजवायचे असतात, साधारण 40 मिनिटं. इतक्या वेळात तारा उतरतात. पुन्हा जुळवायला उसंत नाही. मोकळी तार टाळायची, उतरलेल्या तारेवर बोट थोडं पुढे ठेवायचं आणि शेजाऱ्याची तार कुठे गेली आहे तेही ऐकून आपला सूर तिकडे न्यायचा. तालमीत आठवडे घालवून कमावलेला कान इथे कामी येतो.

अशी तालीम मनासारखी करता यावी म्हणून अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये 1951 साली मार्लबरो ही उन्हाळी संगीतशाळा सुरू झाली. रुडॉल्फ सेर्किन, अडॉल्फ बुश हे तिच्या संस्थापकांपैकी. तिथे तरुण वादक मुरलेल्या कलावंतांच्या शेजारी बसून, त्यांच्या बरोबरीनं वाजवतात. जेवढ्या रचनांची तालीम होते त्यातल्या थोड्याच कार्यक्रमात येतात. बाकीच्या निव्वळ शिकण्यासाठी. विद्यार्थ्याला याहून मोठं सुख मला सुचत नाही.

दुसरं व्हायोलिन हे नाव ऐकून अनेकांना ती पायरी खालची वाटते. तसं नाही. षड्ज-पंचमाच्या मध्ये पोटातला सूर बऱ्याचदा त्याच्याकडे असतो, म्हणजे बोट सरकवण्याचं सर्वांत नाजूक काम त्याचंच. न्यूयॉर्कच्या जूलियार्डमध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या, 1976 पासून एमर्सन नावानं गाजलेल्या क्वार्टेटमध्ये दोघं व्हायोलिनवादक पहिल्या-दुसऱ्या जागी आळीपाळीनं बसत. आणि आपल्या मुंबईचे मेहली मेहता, झुबिन मेहतांचे वडील, यांनी 1935 साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, 1940 साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन केलं. पुढे पन्नाशी ओलांडल्यावर ते फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये गेले आणि तिथे दुसरं व्हायोलिन वाजवत राहिले.